थांबणाऱ्याचा दर

रागिणी : आधी खाली बसा बरं. तुम्ही दहादा खिडकीत गेल्यानं कुलदीपची गाडी तिवस्याहून लवकर येणार नाही.

नितेश : तू बस म्हणू नको, आकडा सांग. अठरानं किती फरक पडते?

रागिणी : अहो, तिसऱ्यांदा विचारताय. अठरा टक्के दर धरला तर जुना बगीचा नव्या लागवडीपेक्षा आजच्या हिशेबात बारा लाखांनी भारी होतो. आठ टक्के धरला तर अडीच लाखांनी. झाडं तीच, जमीन तीच, संत्री तीच. माझ्या मोबाइलवरचा फक्त एक आकडा बदलला.

नितेश : मंग अठराच. फायनल. जुना बगीचा एका वाट्यात. नवी लागवड दुसऱ्या वाट्यात, अन बराबरी कराले तिच्यासंगं रोडवरचा अर्धा एकर. त्याचे बाराच लाख येतात आज. झाले दोघा भावाईचे वाटे सारखे, का नाई?

रागिणी : पण अठराच का?

नितेश : काहून म्हंजे? तूच त शिकवतं ना ज्युनिअर कॉलेजात पोट्ट्याईले, आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा. आपले बुढे बी सांगत, उद्याच्या कोंबडीपेक्षा आजचं अंडं बरं. जुना बगीचा दर साल फळ देते, व्यापारी झाडावरच माल घेते, पैसा हातात. नवी लागवड पाच वर्ष नुसती पाणी पिणार. मंग जो पाच वर्ष थांबन त्याले काही भेटाले पायजे का नाई?

रागिणी : पाहिजे. त्यावर माझं भांडणच नाही. पण किती, ते ह्या दरावर ठरतं. पाच वर्षांनी मिळणारे शंभर रुपये अठरानं आजचे चव्वेचाळीस होतात. आठानं अडुसष्ट. दर चढवत गेलं की उद्याचं सगळं मातीमोल होत जातं. तुम्ही नव्या लागवडीला मातीमोल करताय, म्हणजे तिच्या पदरात रोडवरचा तुकडा टाकता येईल.

नितेश : अन टाकला त काय झालं? वाटे मी पाडून राहिलो, पण पयले उचलणार कुलदीप. बाबाच्या अन काकाच्या टायमाले बी असंच झालतं. मोठ्यानं वाटे पाडाचे, लहान्यानं पयले उचलाचा. मोठ्याच्या मनात पाप असलं त थे त्याच्याच गळ्यात पडते. याच्यात लबाडी कराले जागाच कुठी हाये?

रागिणी : एक जागा आहे. लहाना कोणता वाटा उचलणार, हे मोठ्याला आधीच माहीत असेल तर.

नितेश : हे कूलर काहून थंडी हवा देत नाई? पाणी टाकलं का नाई याच्यात?

रागिणी : सकाळीच टाकलं. कूलरचं सोडा, मी काय विचारलं?

नितेश : आता मायित म्हणशीन त साऱ्या गावाले मायित हाये. त्याले पैसा आज पायजे. फटफटीचा हप्ता हाये. बाबा गेल्यावर नांदगाव पेठेत कारखान्यात ठेक्यावर होता, थे काम बी सुटलं. अन परवा तेल्हाऱ्याचे पाहुणे येऊन राहिले. पोरीचा बाप पयले काय विचारन? पोट्टा कमावते किती! वावरात राबणाऱ्या पोट्ट्याले पोरगी कोण देते आज? फळावर आलेला बगीचा दाखवला त सोयरीक जमते. थो जुनाच उचलन. अन त्याच्या भल्याचंच हाये थे.

रागिणी : आणि नवी लागवड, रोडच्या तुकड्यासकट, आपल्या घरी.

नितेश : माह्या एकट्यासाठी हाये का? दामिनी सातवीत हाये. पाच वर्षानं थे बारावी होईन, अन तवाच थे झाडं फळावर येतीन. जुन्या बगीच्याचे झाडं तवा म्हातारे झालेले राहतीन, आजपासून आठ-नऊ वर्षाच्या वर काही चालत नाईत. आपलं कृषी केंद्र हाये, तुहा पगार हाये. आपल्याले थांबता येते.

रागिणी : आत्ता काय बोललात, ते पुन्हा बोला.

नितेश : काय बोललो?

रागिणी : आपल्याला थांबता येतं. म्हणजे थांबायचं आपल्याला आहे, आणि थांबण्याची आपल्याला फारशी झळ नाही. आपला पैसा बँकेत सात टक्क्यांनी पडून आहे. मग आपल्या थांबण्याचा दर सात, फार तर आठ. हे अठरा कुठून आणले?

नितेश : फायनान्सवाला कुलदीपपासून गाडीचे अठराच घेते.

रागिणी : वा! म्हणजे थांबणार तुम्ही, आणि दर लावणार त्याचा?

नितेश : मी असं पायलं नवतं.

रागिणी : पाहिलं होतं. म्हणून तर सकाळपासून पाय एका जागी ठरत नाहीत. अहो, दर काही आभाळातून पडत नाही. ज्याचा पैसा अडकून राहतो, त्याला जे सोसावं लागतं तो त्याचा दर. नडलेल्याचा दर धरायचा आणि नड नसलेल्यानं त्या दरानं स्वतःची भरपाई करून घ्यायची, ह्याला आमच्या अकोल्यात काय म्हणतात सांगू?

नितेश : राहू दे बाप्पा. तुमच्या अकोल्याचं ऊन अन तुमच्या अकोल्याचं तोंड, दोन्हीपासून माणसानं सावलीत राहावं. बारा कर. मधातला आकडा.

रागिणी : ही काय मेथीची जुडी आहे का, घासाघीस करायला?

नितेश : मंग तुले थो तुकडा नको का? खरं सांग.

रागिणी : हवाय. खोटं कशाला बोलू? मीसुद्धा मनातल्या मनात तिथे घर बांधून पाहिलं. दारावर दामिनीच्या नावाची पाटीही लावली. म्हणून तर जास्त लाज वाटते मला. हिशेब माझ्या हातचा आहे. उद्या कुलदीपनं विचारलं, वहिनी, हे बारा लाख कसे आले, तर मी त्याच्या तोंडाकडे पाहू शकणार नाही.

नितेश : थो विचारणारच नाई. घाईचा गडी हाये थो, लहानपणापासून. ताटात पडलं का तोंडात. सबुरी म्हून नाई त्याले.

रागिणी : कुलदीपला सबुरी नाही?

नितेश : नाई म्हंजे नाई.

रागिणी : मी लग्न होऊन आले तेव्हा तो अकोल्याला ॲग्रीच्या पहिल्या वर्षाला होता. ते कॉलेज का सोडलं त्यानं?

नितेश : तुले मायित हाये. बाबाले लकवा झालता. वावर कोण पाहीन? मी दुकान नवीनच टाकलतं. मीच म्हणलं त्याले, एक वर्ष थांब, पुढच्या साली पुन्हा जाजो.

रागिणी : किती वर्षं झाली त्या एका वर्षाला?

नितेश : आता थे कायले उकरून राहिली?

रागिणी : बाबांचं अंथरुणावरचं सगळं त्यानं काढलं. तुम्ही रविवारी जायचात आणि पिशवीभर संत्री घेऊन यायचात. त्याच्या बरोबरीच्या पोरांची लग्नं झाली, तो म्हणाला, बाबांना असं टाकून नवी सून कुठे आणता. नव्या लागवडीचे खड्डे कुणी खोदले? मागच्या उन्हाळ्यात टँकर बोलावून रोपं कुणी जगवली? सांगा ना, ह्या घरात आजवर थांबलंय कोण? आणि आपण त्याला घाईचा म्हणतो, का, तर त्याची फटफटी हप्त्यावर आहे.

नितेश : तू मास्तरीण कायले झाली, वकील व्हाचं होतं.

रागिणी : अजून वेळ आहे. मी आठ टक्के करते. रोडवरच्या तुकड्याचेही दोन भाग करू. त्याला सांगू, आधी चुकलं होतं.

नितेश : गाडी वाजली का?

रागिणी : नाही वाजली. करू का आठ?

नितेश : थांब जरा. इचार करू दे.

रागिणी : काय विचार करायचाय? भाऊ आहे तो तुमचा.

नितेश : भाऊ हाये म्हून त त्याचं भलं पाहून राहिलो ना! जुना घेतला का त्याचं लग्न होते. हप्ता फिटते. थो बी खूश, आपण बी खूश. कोणाचं काही बिघडत नाई, मंग तुह्याच पोटात काहून दुखते? वाजली. आता खरंच वाजली. राहू दे. आता बदलवलं त त्याले वाटन काही काळंबेरं हाये.

रागिणी : आहेच ना काळंबेरं.

(बाहेर फटफटी बंद होते. टीपॉयवर स्टीलचं ताट. ताटात काळ्या मातीची ढेकळं, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. नितेश ताट थोडंसं पुढे सरकवतो, पुन्हा होतं तिथे आणतो, आणि कपाळ पुसत दाराकडे जातो.)

कुलदीप : काय ऊन हाये राजेहो! वहिनी, पाणी द्या पयले. तिवस्यापासून नुसतं तव्यावरून आलो.

रागिणी : हे घे. सावकाश पी, ठसका लागेल.

नितेश : चहा घेतं का? जेवतं का? पोळी-भाजी हाये.

कुलदीप : मंग पाहू. दामिनी कुठी गेली?

रागिणी : ट्यूशनला. येईल तासाभरात.

कुलदीप : तिच्यासाठी उंबऱ्यात पिशवी ठेवली. कैऱ्या हायेत. अन हे काय दादा, ढेकळं आणून बी ठेवले?

नितेश : सकाळीच जाऊन आणले. बाबानं अन काकानं असंच केलतं. ज्या वावराचं ढेकूळ उचललं थे वावर त्याचं. अन उचललेला वाटा खाली ठेवता येत नाई, तुले मायितच हाये.

कुलदीप : मायित हाये. कोणतं कायचं?

नितेश : हे एकटं जुन्या बगीच्याचं. हे दोन संगं. एक नव्या लागवडीचं अन एक रोडवरच्या तुकड्याचं. दोन्ही वाटे सारखे हायेत. तुह्या वहिनीनं हिशेब केला.

रागिणी : हिशेब मी केला. दर तुझ्या दादांनी सांगितला.

कुलदीप : कायचा दर?

रागिणी : पाच वर्षं थांबण्याचा. अठरा टक्के.

कुलदीप : अठरा? थो त माह्या फटफटीचा दर हाये!

नितेश : बाजारात थोच चालू हाये आता. तू डोक्शाले तरास नको देऊ. परवा पाहुणे येऊन राहिले, फळावरचा बगीचा पायला का पोरीचा बाप...

कुलदीप : दादा, एक गोठ इचारू? जो पाच वर्ष थांबन, त्याले रोडवरचा अख्खा अर्धा एकर भेटते?

नितेश : हो ना. पाच वर्ष काही उत्पन्नच नाई, म्हून.

कुलदीप : मंग पाच वर्ष थांबून एवढ्या सस्त्यात भेटणारा अर्धा एकर कोण सोडते? हे घे. उचलले.

नितेश : अबे, थे नाई. थे दोन उचलले तू.

कुलदीप : दोनच उचलाचे होते.

नितेश : पागल झाला का बे? खाशीन काय पाच वर्ष? पाहुण्याईले काय दाखवशीन, गुडघ्याएवढे रोपटे?

कुलदीप : पाहुण्याईचं टेन्शन नको घेऊ. त्या पोरीसंगं, वर्षालीसंगं, फोनवर माह्यं बोलणं झालं. थे तेल्हाऱ्याले दवाखान्यात नर्स हाये ना. म्या तिले साफ सांगितलं, जुन्यात आज पैसा हाये, नव्यात पाच वर्ष उपास. थे म्हणे, जुने झाडं किती साल चालतीन? म्हणलं, आठ-नऊ. मंग म्हणे, पाच वर्ष माह्या पगारावर काढू. लग्न करून मी नऊ वर्षासाठी येऊन राहिली का?

रागिणी : असं म्हणाली? मला आवडली ही पोरगी.

कुलदीप : बापाले बी तिनंच सांगितलं. आता परवा ते लोक नुसते चिवडा खायाले येऊन राहिले.

नितेश : रागिणी, त्याले समजावून सांग. हिशेबात गलती असन काही. एकदा आठानं करून पाय बरं.

रागिणी : आता आठानं?

नितेश : आठानं फरक अडीच लाखाचाच येते ना! मंग रोडवरचा पुरा तुकडा नव्या लागवडीसंगं कसा जाईन?

रागिणी : मी अर्ध्या तासापूर्वी ह्याच खोलीत हेच सांगत होते.

कुलदीप : काय आठ, काय अठरा? मले बी त समजू द्या.

नितेश : काही नाई, कॉलेजातलं हाये थे.

रागिणी : कॉलेजातलं नाही, घरातलं आहे. कुलदीप, थांबणाऱ्याला भरपाई म्हणून तो तुकडा ठेवला. ज्याला थांबणं जड जातं त्याच्यासाठी ती भरपाई मोठी, ज्याला जात नाही त्याच्यासाठी लहान. दादांनी ती तुझ्या हप्त्याच्या दरानं धरली. म्हणजे मोठी. पण थांबणार तू नव्हतास. तू जुना बगीचा उचलशील, अशी त्यांची खात्री होती. थांबणार ते होते.

नितेश : रागिणी!

रागिणी : सांगितलं. आता मला शांत झोप लागेल.

कुलदीप : म्हंजे नड माही, अन तिची भरपाई तुले?

नितेश : कुलदीप, ऐक. मी दामिनीचा इचार केला. तिचं पुढचं शिक्षण...

कुलदीप : दामिनी माही पुतणी नाई का? तू नुसतं म्हणला असता, कुलदीप, थो तुकडा पोरीसाठी पायजे, त मी सही करून देल्ली असती. तुले मांगता नाई आलं?

नितेश : चुकलं. चुकलं माह्यं. काय करू सांग, कान पकडू? आपण नव्यानं वाटे पाडू. बराबर आठानं. तुही वहिनी लिहून देईन. उद्या बसू, दुकान बंद ठेवतो.

कुलदीप : उद्या नाई.

नितेश : मंग परवा, पाहुणे गेले का...

कुलदीप : दादा, तू मले एक वर्ष थांब म्हणलता. चौदा झाले. बाबाचं होतं, म्या केलं, त्याचं मले दुख नाई. पण दर साल कॉलेजाच्या ॲडमिशन निघत, अन मी तुह्या तोंडाकडे पाहो. तू म्हणे, औंदा जमत नाई, पुढच्या साली पाहू. मंग तुह्या तोंडाकडे पाहणंच सोडून देल्लं म्या. तुले वाटलं, हा इसरला.

नितेश : अबे, पण तू बोलला काहून नाई?

कुलदीप : थांबलो होतो ना.

रागिणी : चहा टाकते मी.

कुलदीप : बसा वहिनी. तुमी जाऊ नका. तुमच्यासमोर झालं थे बरं झालं.

नितेश : बरं. तुकडा तुहा, लागवड तुही. ठेव. पण पाच वर्ष करशीन काय, थे त सांग. बायकोच्या पगारावर बसून राहशीन?

कुलदीप : बसतो कायले? लागवडीच्या मधात तूर घेईन, हरभरा घेईन. अन तुह्या जुन्या बगीच्याले माणूस लागनच. तिकडच्या दोन ओळीईले डिंक्या लागला हाये, खोडातून डिंक वाहून राहिला. तुले दिसला बी नसन. फवारणी कोण करन, पाणी कोण देईन? तू त रविवारी येतं. मी येत जाईन रोजानं.

नितेश : रोजानं? माह्या वावरात माहा भाऊ मजूर म्हून येईन?

कुलदीप : मजूर लावशीनच ना कोणी तरी? मी त्याच्यापेक्षा जास्त मांगत नाई.

नितेश : लोक शेण घालतीन माह्या तोंडात! अरे, हिस्सा घे ना. दर साल फळं तुटले का चौथाई तुही. चौथाई नाई, तिसरा हिस्सा घे. रोजापेक्षा किती तरी जास्त भेटन. इचार तुह्या वहिनीले.

रागिणी : खरं आहे, कुलदीप. रागावून तोटा नको करून घेऊस. हिशेबानं हिस्साच जास्त आहे.

कुलदीप : मी रागात नाई वहिनी. एक सांगा. ज्याच्याकडून पैसा येणार, त्याचा भरवसा नसन, त तुमच्या हिशेबात थो दर कसा धरतात?

रागिणी : चढा धरतात. भरवसा जितका कमी, तितका दर चढा. अगदीच नसला तर...

कुलदीप : तर?

रागिणी : तर पुढचं काही धरतच नाहीत. हातात येईल तेवढंच.

कुलदीप : मंग बराबर हाये माह्यं. झाडाईसाठी मी पाच वर्ष थांबतो, दादा. तुह्यासाठी संध्याकाळलोक थांबतो. त्याच्या पुढं नाई.



नितेश : कुलदीप...

कुलदीप : बोल ना.

नितेश : किती वाजता येत जाशीन?

कुलदीप : सकाळी सातले. पैसे संध्याकाळी.